गिरणीसमोरचा आवाज

बोंग-छी जन्मली तेव्हा घरात आधीच चार मुली होत्या, त्यामुळे आजोबांनी नाव शोधायला फार वेळ घालवला नाही. बोंग-छी म्हणजे 'असू दे, पोसू कशीतरी'. नकोशीच म्हणा ना. त्यांच्या मिन्श्युंग गावात तिच्या वयाच्या अशा आणखी दोघी-तिघी होत्या. त्यांनी पुढे कचेरीत जाऊन 'चंद्रकमळ' नाहीतर 'सोनपाखरू' अशा अर्थाची झकास नावं लावून घेतली. हिने मात्र तसं काही केलं नाही. "पोसलं ना शेवटी? मग त्या नावाने काय घोडं मारलंय?" असं म्हणून ती विषय संपवायची.

या नकोशीचा आवाज मात्र तैवानमध्ये ऐकला नाही असं घर सापडणं कठीण. उत्तरेला थैपेईच्या गल्ल्यांत, दक्षिणेला काओश्युंगच्या बंदरापाशी, पलीकडे पेंगहू बेटांवरसुद्धा लोक तो आवाज ऐकतच लहानाचे मोठे झाले. तो कुणाचा, हे विचारायचं मात्र कुणालाही सुचलं नाही.

तरुणपणी ती अननसाच्या कारखान्यात कामाला होती. तिथे डबे बंद करणाऱ्या यंत्रांचा असा खडखडाट चाले की मुकादमाचं ओरडणं कुणाला ऐकू जात नसे. बोंग-छीचं बोलणं मात्र शेवटच्या टोकापर्यंत पोहोचायचं. आवाज मोठा नव्हता, स्वच्छ होता. मुकादम शहाणा माणूस होता, त्याने आपलं ओरडायचं काम तिच्यावर सोपवलं आणि आपण चहा प्यायला मोकळा झाला.

लग्न जुळवणाऱ्या बाईने थिआम-होकचं स्थळ आणलं तेव्हा "मुलगा अगदी शांत आहे हो," असं तीनदा सांगितलं. बघायच्या कार्यक्रमात बोंग-छीने चहाचा ट्रे फिरवला. मुलाने पेला उचलला, मान लववली, हसला आणि पेला परत ठेवला. तासाभरात त्याने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. बोंग-छीची आई खूश झाली. म्हणाली, "याला म्हणतात वजनदार माणूस."

वजनदार माणूस तोतरा होता, हे लग्नाच्या रात्री कळलं. तो पलंगाच्या कडेला बसून काहीतरी सांगायला लागला, आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. बिचाऱ्याला एवढंच विचारायचं होतं की पंखा लावू का. विचारून होईपर्यंत नवरीला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पुन्हा तीच गत झाली. तेव्हा शेंगा सोलता सोलता, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "सावकाश. घाई नको." आणि शेंगा सोलत राहिली. शब्द आला. उशिरा आला, पण आला. मग त्या घरात तशीच रीत पडली. तो अडकला की ती म्हणायची, "सावकाश, घाई नको," आणि हातातलं काम चालू ठेवायची. तिचं तोंडाकडे न बघणं त्याला बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडायचं, असं तिचं मत होतं.

थिआम-होकच्या हातात मात्र जादू होती. मोडकी छत्री, बोथट सुरी, बंद पडलेला भाताचा कुकर, काय द्याल ते तो नीट करून द्यायचा. तीन चाकी गाडी घेऊन तो गावोगाव फिरायचा. पण हा धंदा ओरडण्याचा. गल्लीत गाडी आली हे बायकांना कळायला हवं, आणि हा तर स्वतःचं नाव सांगायला घाम गाळणारा माणूस. त्याने ताट वाजवून पाहिलं, तर पोरं त्याला मिठाईवाला समजून धावत आली आणि छत्र्या बघून रडत परत गेली. शेवटी बोंग-छी त्याच्याबरोबर गाडीवर बसायला लागली. ती पुकारायची, तो दुरुस्त करायचा, आणि लोक म्हणायचे, जोडा बरा जमलाय.

पहिला मुलगा पोटात आला तेव्हा गाडीवर बसणं बंद झालं. मग थिआम-होक कुठूनसा एक जुना टेपरेकॉर्डर घेऊन आला. त्यांचं घर तांदळाच्या गिरणीमागच्या बोळात होतं. भर दुपारी, अंगणातल्या स्टुलावर बसून, पोटावर एक हात ठेवून बोंग-छीने रोजचं पुकारणं टेपमध्ये भरलं.

"छत्री मोडली, आणा. सुरी बोथट झाली, आणा. कात्री, शेगडी, भाताचा कुकर, सगळं आणा. बसल्या जागी नीट करून देतो. गाडी गिरणीसमोर उभी आहे. सावकाश या, घाई नको."

त्यानंतर थोडी खरखर, मग बटण दाबल्याचा टक्.

'गिरणीसमोर' हा शब्द सवयीने गेला होता. सकाळी गाडी खरोखरच गिरणीसमोर असायची. चूक ध्यानात आल्यावर ती म्हणाली, पुसून पुन्हा भरू या, दुसऱ्या गावात गिरणी कुठून आणणार? त्याने मान हलवली आणि टेप खिशात घातली. त्याला ती तशीच हवी होती, आणि त्याच्या हट्टापुढे तिचं काही चालायचं नाही.

त्यानंतर थिआम-होकने एक गोष्ट केली, ती कुठल्याही धंदेवाल्याने केली नसती. भेटेल त्या फेरीवाल्याला त्याने ती टेप उतरवून घेऊ दिली. रस्त्यात दोन गाड्या भेटल्या की हा आपला गाडीवर बसवलेला भोंगा लावायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा, "मा-मा-माझी बायको." समोरचा म्हणायचा, वा, आवाज छान आहे, मला देतोस? हा लगेच काढून द्यायचा. बायकोची बढाई मारायला त्याच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तो बायकोचेच शब्द वाटत सुटला. एकाची टेप दुसऱ्याने घेतली, दुसऱ्याची तिसऱ्याने. पुढे टेप गेल्या, बोटाएवढे पेन ड्राइव्ह आले, आणि आवाज तोच राहिला. थैपेईत म्हणे बायका छत्र्या घेऊन खाली उतरायच्या आणि गिरणी शोधत बसायच्या. हळूहळू साऱ्या देशाला सवय झाली की अशी एक गिरणी असते, ती दिसत नाही, पण गाडी तिच्यासमोर उभी असते. खरी गिरणी केव्हाच पाडली. तिथे आता चहाचं दुकान आहे.

संध्याकाळी थिआम-होक परतायचा तेव्हा बोळाच्या तोंडाशीच भोंगा लावायचा आणि दारात येईपर्यंत बंद करायचा नाही. तो ऐकू आला की बोंग-छी भात लावायला उठायची. नवरा घरी आल्याची वर्दी तिला तिच्याच आवाजात मिळायची.

पन्नाशीत तिच्या घशात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तो स्वच्छ आवाजही गेला. आता ती बोलते तेव्हा भांडं घासल्यासारखं वाटतं. थिआम-होकने पाटीवर लिहून दाखवलं होतं, 'काळजी करू नको, खरा माझ्याकडे आहे.' मग एका हिवाळ्यात तोही गेला. त्याचा आवाज मात्र कुठेच राहिला नाही. फोन वाजला की तो अंगणात निघून जायचा, लग्नकार्यात कुणी कॅमेरा काढला की खांबाआड व्हायचा. फोटो होते, त्यांत तो हसत होता. बोंग-छीला कधीकधी त्याचं ते अडकणं ऐकावंसं वाटायचं, पण हे कुणाला सांगणार? माणसं मेलेल्यांचं गाणं आठवतात, बोलणं आठवतात. तोतरेपण आठवणारी ही एकटीच.

गेल्या वसंतात आ-ग्वान तिच्या दारात येऊन उभा राहिला. आ-ग्वान हा थिआम-होकचा चेला, आता स्वतःच साठी ओलांडलेला, सुपारी खाऊन दात लाल झालेला, आणि अजून तीच गाडी, तोच भोंगा घेऊन फिरणारा.

"वहिनी, मी चोर झालो," तो म्हणाला.

"आत ये आणि मग हो. काय चोरलंस?"

"तुमचा आवाज."

थैपेईच्या एका कंपनीची नोटीस आली होती. कंपनीचं एक अ‍ॅप होतं. बटण दाबलं की दुरुस्तीवाला घरी येतो. अ‍ॅपचं नाव 'गिरणीसमोर'. त्या कंपनीने हे पुकारणं आपल्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलं होतं. चिन्हासारखा आवाजही नोंदवता येतो, हे आ-ग्वानला त्या नोटिशीतूनच कळलं. यापुढे भोंग्यावर तो आवाज लावला तर कोर्टात यावं लागेल, असा मजकूर होता.

"मग तू आपल्या तोंडाने पुकार ना," बोंग-छी म्हणाली.

"पुकारलं की! लोकांना वाटलं निवडणुकीला उभा राहिलोय. एका म्हाताऱ्याने गटाराबद्दल अर्धा तास झापलं मला. मग म्हटलं, बोलायलाच नको, नुसती धून लावू."

"मग?"

"अहो मग काय! सगळी गल्ली कचऱ्याच्या पिशव्या घेऊन बाहेर! आता आपल्याकडे धून वाजते ती एकाच गाडीवर, कचऱ्याच्या. एकीने तर पिशवी टाकलीही माझ्या गाडीत. माशाची होती."

बोंग-छी हसून हसून खोकायला लागली. आ-ग्वान मात्र हसला नाही. "वहिनी, या वयात मी काय नवीन शिकणार? बायका त्या आवाजाला खाली येतात, मला कोण ओळखतं?"

मग त्याने मोबाइल काढून ते अ‍ॅप लावून दाखवलं. आधी तिला समजलं नाही. तिशीतली एक बाई बोलत होती, आणि ती बाई ती स्वतः होती. "घाई करा! फक्त आजच सूट! पटकन बटण दाबा, संधी निघून जाईल! घाई करा!"

बोंग-छीने शेगडी बंद केली.

"हे मी कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही, यंत्र म्हणतंय. एआय म्हणतात त्याला. तुमचा आवाज त्याला शिकवलाय, आता काय वाटेल ते बोलतं."

"कुणाला विचारून शिकवला?"

"कुणाला विचारणार? तुम्ही कोण, हे ठाऊक आहे कुणाला?"

त्या दिवशी तिच्या शेगडीवरचं हंसाचं मटण अर्धकच्चं राहिलं. आवाज चोरीला गेला याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. तो तर नवऱ्यानेच गावभर वाटला होता. पण 'घाई करा' हे तिच्या तोंडी? तिच्या? संसारभर जिने एका माणसाला घाई नको, घाई नको म्हटलं, तिच्या तोंडी? तिचा संताप संताप झाला.

आ-ग्वानने कचेरीत तंटा मिटवायच्या समितीकडे अर्ज दिला. कोर्टाची पायरी चढण्याआधी आपल्याकडे माणसं तिथे जातात. चहा मिळतो, आणि वकिलाशिवाय भांडता येतं. कंपनी येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती आली. कंपनीत कुणी मोठा गुंतवणूकदार पैसे घालणार होता आणि त्याची अट होती की आवाजाचं झेंगट शरद ऋतूच्या आत निस्तरलं पाहिजे. आदल्या रात्री श्यिंचूहून मुलाचा फोन आला. "आई, ते पैसे देतो म्हणाले तर घे आणि सही कर. उगाच ताणू नको." ती म्हणाली, "तू जेवलास का?" त्याचं जेवण झालं होतं. तिने फोन ठेवला.

समितीचे अध्यक्ष श्ये मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेले. त्यांनी टेबलावर चहा आणि कापलेला अननस मांडला आणि जाहीर केलं की अननस संपल्याशिवाय कुणी कायद्याचं बोलायचं नाही. कंपनीकडून फांगबाई आल्या होत्या, चाळिशीच्या, कंपनी त्यांनीच काढलेली. त्यांच्याबरोबर ल्यू वकील, इस्त्रीच्या कपड्यात, तरुण, अननसाचा रस बाहीवर सांडू नये म्हणून जपणारा.

"आजी, राग मानू नका," वकील अदबीने म्हणाला, "पण हा आवाज तुमचाच, याला आधार काय?"

"माझा नाही तर कुणाचा?"

"एकदा म्हणून दाखवता?"

बोंग-छी उभी राहिली. पदराशी चाळा करावा तशी हातरुमालाशी चाळा करत तिने सुरुवात केली. "छत्री मोडली, आणा..." घशातून खरखर निघाली. 'सुरी' म्हणताना आवाज फुटला. ती मध्येच थांबली आणि खाली बसली. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. आ-ग्वानने उगाचच अननसाची फोड तोंडात घातली.

वकिलाने लॅपटॉपवर तपासणी करून पाहिली. यंत्र म्हणालं, जुळत नाही.

"अरे, ऑपरेशन झालंय त्यांचं!" आ-ग्वान ओरडला. "तू सत्तरीचा हो, मग बघू तुझं यंत्र तुला ओळखतं का ते!"

"आणि समजा जुळला," वकील म्हणाला, "तरी कायदा ओळखीच्या माणसाचा आवाज राखतो. नट, गायक. इथे आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण माणूस नाही. असं प्रकरण आधी झालेलं नाही. शिवाय तुमच्या यजमानांनी तो रस्त्यावर सगळ्यांना दिला. सगळ्यांना दिलेल्या वस्तूवर मागून हक्क कसा सांगता येईल?"

"थांबा हं," श्ये मास्तर म्हणाले. "देवळासमोर मी एक बाक ठेवला. कुणीही बसावं म्हणून ठेवला. तुम्ही तो उचलून घरी नेलात, रंग दिलात, आणि आता इथे बसणाऱ्यांना म्हणता की बसायचं नाही. हे तुमच्या कायद्यात कुठे बसतं ते तेवढं मला सांगा."

वकिलाने चहा प्यायला सुरुवात केली.

फांगबाईंनी हातातली अननसाची फोड खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "आम्हाला खरंच वाटलं होतं की स्टुडिओतल्या कुणा निवेदिकेचा असेल, आणि ती हयात नसेल. आम्ही थायचुंगमध्ये राहायचो. हा आवाज आला की मी आणि माझा भाऊ गिरणी शोधायला पळायचो. अख्खं लहानपण शोधली. म्हणून तर अ‍ॅपला ते नाव दिलं." त्या जराशा हसल्या. "आणि ती शेवटची ओळ. सावकाश या, घाई नको. गिऱ्हाइकाशी इतकं प्रेमाने कोण बोलतं?"

"गिऱ्हाइकासाठी नव्हतं ते," बोंग-छी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"नवऱ्यासाठी होतं. तो समोर उभा होता, बटणावर बोट ठेवून. माझं बोलून झालं तसं त्याला म्हणायचं होतं, थांब, आता बंद करतो. पण अडकला. ओठ हलायला लागले त्याचे. मला सवय. मी म्हटलं, सावकाश, घाई नको. म्हणताना 'या' कसा चिकटला कोण जाणे, तोंडात पुकारणंच होतं ना! त्याचा शब्द काही पुरा झाला नाही. त्याने तसंच बटण दाबलं."

फांगबाईंचा हात पेल्यावरच राहिला. त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने त्यांच्याकडे.

"मूळ ऐकवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते आपल्या विरोधात..."

"ऐकवा म्हटलं ना."

कंपनीने देशभरातून त्या टेपच्या शेकडो नकला जमवल्या होत्या. एकीतलं पुसट दुसरीत स्पष्ट असायचं, असं सगळं जोडून यंत्राने मूळ आवाज धुऊन काढला होता. अ‍ॅपमध्ये घालताना शेवटचा तुकडा त्यांनी कापून टाकला होता, कुणाच्या तरी खाकरण्याचा समजून. वकिलाने तो लावला.

गिरणीची लांबून धकधक. मग ती, तिशीतली. छत्री मोडली, आणा. सगळं आणा. गाडी गिरणीसमोर उभी आहे. सावकाश या, घाई नको. आणि मग, जिथे इतकी वर्षं साऱ्या देशाने खरखर ऐकली होती, तिथे अगदी जवळून एका पुरुषाचा आवाज. "थ... थ..."

टक्.

बोंग-छीने तोंडावर रुमाल धरला. आ-ग्वान खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला आणि तिकडे तोंड करून म्हणाला, "दादाच. दादाच आहे."

"पुन्हा लावा," बोंग-छी म्हणाली.

वकिलाने पुन्हा लावलं. मग न सांगता आणखी एकदा लावलं. हा पोरगा वाईट नव्हता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता आवाज कुणाचा, हा प्रश्न उरला नव्हता. फांगबाईंनी पिशवीतून कागद काढला. आवाजाचे सगळे हक्क कंपनीला द्यायचे आणि त्याबद्दल बोंग-छीला रक्कम, जी बघून आ-ग्वान सुपारी थुंकायला बाहेर जायचंही विसरला. बोंग-छीने कागद उलटा करून ठेवला.

"मी सही केली तर आ-ग्वानने काय लावायचं?"

वकील म्हणाला, "बाकीच्यांना बंद करावं लागेल. हक्क एकट्या कंपनीचा राहील."

"आणि तुमचं यंत्र काय बोलणार?"

"जे हवं ते. त्यासाठीच तर घेतोय, आजी."

"मग नको." ती फांगबाईंकडे वळली. "बाई, राग नाही तुमच्यावर. तुम्ही माझी गिरणी शोधलीत, अजून काय हवं! तुमच्या अ‍ॅपवरही लावा. आ-ग्वाननेही लावावं, ज्याची गाडी आहे त्याने लावावं. पण मी बोलले तेवढंच. एक शब्द जास्त नाही."

"आजी, तेवढ्यात अ‍ॅप कसं चालेल?"

"ते मला नाही कळत. मला एवढंच कळतं की इतकी वर्षं माझा आवाज त्याच्या गाडीत होता. बटण त्याच्या हातात. स्वतःचं नाव नीट घेता येत नव्हतं त्या माणसाला, रोज काही ना काही बोलायचं राहून जायचं त्याचं. तरी त्याने माझ्या तोंडी एक शब्द कधी घातला नाही. तुम्ही तर मला घाई करा म्हणायला लावलंत. मी आयुष्यात कुणाला घाई करा म्हटलेलं नाही."

वकिलाने शेवटचा प्रयत्न केला, मनापासूनच केला. "आजी, आमचं ऐका. कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं जातील. कायदा नवीन आहे, निकाल काय लागेल कुणीच सांगू शकत नाही."

"जाऊ देत की," बोंग-छी म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"

श्ये मास्तर पहिल्यांदा हसले. मग आ-ग्वान. मग फांगबाई हसायला लागल्या आणि त्यांना आवरेना, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिल्या. घाई त्यांना होती. शरदाच्या आत हे मिटलं नाही तर गुंतवणूकदार जाणार होता, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि बोंग-छीलाही, कारण आ-ग्वानने ते पेपरात वाचून गाडीत तिला सांगितलं होतं. साधी बाई साधी असते, खुळी नसते.

कागद तिथेच नव्याने लिहिला गेला. नोंदणी कंपनी मागे घेणार. नोटिसा रद्द. पुकारणं कुणाही गाडीवाल्याने लावावं, अ‍ॅपनेही लावावं, आहे तसं. जाहिरातींना दुसरा आवाज, पगार देऊन घेतलेला, आणि विचारून घेतलेला. बोंग-छीने आपलं पूर्ण नाव लिहिलं. वकिलाने ते वाचलं, अर्थ ध्यानात आला तसा क्षणभर घुटमळला, आणि अदबीने दोन्ही हातांनी कागद घेतला.

निघताना फांगबाईंनी आ-ग्वानच्या पेन ड्राइव्हवर ते धुतलेलं पुकारणं उतरवून दिलं, शेवटच्या तुकड्यासकट. "काही कापलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"जेवायला या कधी," बोंग-छी म्हणाली. "गिरणी दाखवते. चहाचं दुकान आहे आता, पण उभं राहायला जागा आहे."

परतताना आ-ग्वान तिला गाडीतून सोडायला आला. बोळाच्या तोंडाशी त्याने नवा पेन ड्राइव्ह खोचला आणि भोंगा लावला. दोन घरांतून दोघी बाहेर आल्या, एकीच्या हातात छत्री होती. तो "उद्या, उद्या" म्हणत पुढे निघाला.

"आता बंद कर, पोचलो की," बोंग-छी म्हणाली.

"दादा दारापर्यंत बंद करायचा नाही."

"मग राहू दे."

गाडी दारात थांबली. पायरी उंच होती आणि तिचे गुडघे दुखरे. तिने दाराला धरून एक पाय खाली टाकला, दुसरा वरच राहिला. डोक्यावरच्या भोंग्यातून तिशीतली बोंग-छी म्हणाली, सावकाश या, घाई नको.

आणि मग तो अडकला. "थ... थ..."

ती एक पाय पायरीवर, एक जमिनीवर ठेवून उभी राहिली. भोंग्याकडे न बघता, पिशवीचा बंद सारखा करत, शब्द पुरा व्हायची वाट बघत. आ-ग्वानने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. टक् वाजलं, गिरणीची धकधक पुन्हा सुरू झाली, आणि बोंग-छी दुसरा पाय खाली घेऊन भात लावायला आत गेली.